इटलीचे एकीकरण आणि राष्ट्रवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रवादाने इटली एक केली, असे आपण शाळेत एका ओळीत शिकतो. ओळ खोटी नाही, पण सैन्य, तह, कर, मतपेट्या आणि बदल्यात देऊन टाकलेले प्रांत तीत कुठेच दिसत नाहीत. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी आणि इतिहासाचे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. भर इटलीवर आहे. जर्मनी तुलनेपुरती येते.

१८१५ साली इटलीत नेमकी किती राज्ये होती? कुठे सात लिहिलेले असते, कुठे आठ.

दोन्ही बरोबर आहेत. सान मारीनोसारखी चिमुकली प्रकरणे सोडली, तर नेपोलियनच्या पराभवानंतर युरोपची वाटणी ठरवणाऱ्या व्हिएन्ना परिषदेनंतर ठळक राज्ये आठ होती: सार्डिनिया-पीडमाँट (राजधानी तुरीन), लोम्बार्डी-व्हेनेशिया, पर्मा, मोडेना, लुक्का, टस्कनी, पोपचे राज्य आणि दोन सिसिलींचे राज्य (राजधानी नेपल्स). १८४७ साली लुक्का टस्कनीत गेले आणि सात उरली.

आकड्यापेक्षा ताबा कोणाचा होता हे लक्षात ठेवा. लोम्बार्डी-व्हेनेशिया थेट ऑस्ट्रियाकडे होते. मोडेना आणि टस्कनीच्या गादीवर ऑस्ट्रियाच्याच हॅब्सबर्ग घराण्याच्या शाखा होत्या आणि पर्मा ऑस्ट्रियन सम्राटाच्या मुलीकडे, म्हणजे नेपोलियनच्या पत्नीकडे होते. नेपल्सच्या राजावर बंडाची वेळ आली की मदतीला सैन्य ऑस्ट्रियाचेच येई. १८२१ मध्ये तसेच झाले. त्यामुळे एकीकरण म्हणजे आधी ऑस्ट्रियाला हटवणे, आणि ते काम कोणत्याही एका इटालियन राज्याच्या आवाक्यातले नव्हते. पुढचे सगळे राजकारण या अडचणीभोवती फिरते.

सामान्य माणसाला आपण ‘इटालियन’ आहोत असे वाटत होते का?

बहुतेकांना नाही. वाटत होते ते वकील, डॉक्टर, विद्यार्थी, सैन्यातले तरुण अधिकारी, शहरी कारागीर, व्यापारी आणि काही उदारमतवादी सरदार यांना. नेपोलियनच्या काळात, १८०५ ते १८१४, उत्तर इटलीत ‘इटलीचे राज्य’ नावाची व्यवस्था होती. तिथे एक कायदेसंहिता, एक सैन्य आणि एक तिरंगा होता. त्या व्यवस्थेत नोकरी केलेल्या पिढीला एकसंध कारभाराची चव लागली होती आणि १८१५ नंतर जुने राजे परत आले तेव्हा ती पिढीच सर्वांत अस्वस्थ झाली. कार्बोनारीसारख्या गुप्त मंडळ्यांत भरती झाली ती त्यांचीच.

खेड्यातला माणूस वेगळ्या जगात होता. त्याचा संबंध जमीनदार, पाद्री आणि कर वसूल करणारा यांच्याशी. १८६१ च्या जनगणनेत तीन चतुर्थांशांहून अधिक लोक निरक्षर निघाले. प्रमाण इटालियन बोलू शकणारे किती, याचा एक अंदाज २.५ टक्के आहे, दुसरा सढळ अंदाज १० टक्क्यांच्या आसपास. बाकीचे सिसिलियन, नेपोलिटन, व्हेनेशियन किंवा पीडमाँटी बोलत. स्वतः पीडमाँटचा, पुढे इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल आणि त्याचा पंतप्रधान काव्हूर यांना फ्रेंच आणि पीडमाँटी अधिक सोयीची वाटे. तेव्हा ‘एक भाषा, म्हणून एक राष्ट्र’ हे सूत्र इटलीला लावताना जरा जपून.

मॅझिनीचे सगळे उठाव फसले. मग त्याचे श्रेय नेमके कशाचे?

उठाव खरेच फसले. जिनोव्हाच्या या तरुणाने १८३१ साली मार्सेलीस इथे ‘तरुण इटली’ ही संघटना काढली. सभासद चाळिशीच्या आतले हवेत असा नियम होता. १८३३ मध्ये पीडमाँटच्या सैन्यातला कट उघडकीस आला, फाशी-गोळीच्या शिक्षा झाल्या आणि मॅझिनीलाही गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला. १८३४ ची सव्हॉयवरची चाल फसली आणि १८५३ चा मिलानचा उठावही.

सर्वांत बोलका प्रसंग १८५७ चा. कार्लो पिसाकाने नावाचा क्रांतिकारक आपले साथीदार आणि पोंझा बेटावरून सोडवलेले सुमारे ३०० कैदी घेऊन नेपल्सच्या राज्यात साप्री इथे उतरला. शेतकरी उठतील असा त्याचा हिशेब होता. शेतकरी उठले, पण त्याच्यावरच. दरोडेखोर आले असे समजून गावकऱ्यांनी कोयते-कुऱ्हाडी काढल्या आणि तो त्यातच मेला. शहरात लिहिलेला जाहीरनामा गावात कसा वाचला जातो, किंबहुना वाचलाच जात नाही, हे यात दिसते.

तरीही मॅझिनीचे काम मोठे आहे. त्याच्याआधी बंडखोर घटना मागत, जुलमी राजा बदला म्हणत, फार तर उत्तर इटलीपुरते बोलत. अखंड, स्वतंत्र, प्रजासत्ताक इटली ही मागणी त्याने तीस वर्षे न थकता लावून धरली आणि ‘एकच इटली’ हा वेडगळ वाटणारा पर्याय चर्चेत आणून बसवला. १८६० मध्ये घटना भराभर घडू लागल्या तेव्हा लोकांच्या तोंडी असलेला शब्द त्याचा होता. देश झाला तो मात्र राजेशाही, आणि त्या देशात तो १८७२ साली पिसा इथे ‘ब्राउन’ हे खोटे नाव घेऊन राहताना वारला.

१८४८ मध्ये सगळीकडे क्रांती झाली. मग तेव्हाच इटली एक का झाली नाही?

कारण ऑस्ट्रियाविरुद्ध उभे राहिलेले प्रत्येक राज्य शेजाऱ्याकडेही संशयाने पाहत होते. मिलानच्या लोकांनी १८ ते २२ मार्च असे पाच दिवस रस्त्यांवर लढून ऑस्ट्रियन सैन्य शहराबाहेर काढले. पीडमाँटचा राजा कार्लो आल्बेर्तो मदतीला आला, पण आधी लोम्बार्डी आपल्या राज्यात सामील करून घेण्याची त्याला घाई. पोप नववा पायस याने २९ एप्रिलला जाहीर केले की कॅथलिक ऑस्ट्रियाशी आपण लढणार नाही. नेपल्सच्या राजाने सैन्य परत बोलावले. ८१ वर्षांचा ऑस्ट्रियन सेनापती राडेत्स्की पेस्किएरा, मांतुआ, लेन्यागो आणि व्हेरोना या चार किल्ल्यांच्या चौकोनात शांतपणे कुमक येण्याची वाट पाहत बसला आणि मग जुलैत कुस्तोझा इथे, पुढच्या मार्चमध्ये नोव्हारा इथे त्याने पीडमाँटला हरवले. रोममधले प्रजासत्ताक १८४९ च्या जुलैत फ्रेंच सैन्याने मोडले, व्हेनिस ऑगस्टमध्ये पडले.

या पडझडीतून एकच गोष्ट शाबूत राहिली: कार्लो आल्बेर्तोने मार्च १८४८ मध्ये दिलेली घटना. बाकी सर्व राजांनी आपापल्या घटना गुंडाळल्या, पीडमाँटने ठेवली. म्हणून पुढच्या दहा वर्षांत देशभरातले निर्वासित तुरीनला जमले, तिथे वृत्तपत्रे निघाली, आणि प्रजासत्ताकवाद्यांपैकीही बरेच जण ‘राजा असला तरी चालेल, पण इटली होऊ दे’ म्हणू लागले.

काव्हूरला अखंड इटली हवी होती का?

सुरुवातीला नाही, आणि परीक्षेत नेमके इथेच घोटाळे होतात. काव्हूर १८५२ साली पंतप्रधान झाला. रेल्वे, बँका, व्यापारी तह, खिळखिळी झालेली तिजोरी हे त्याचे रोजचे विषय. क्रिमियाच्या युद्धात १८५५ मध्ये त्याने सुमारे १५ हजार सैनिक पाठवले. रशियाशी पीडमाँटचे काहीच भांडण नव्हते. पॅरिसच्या तहाच्या टेबलावर खुर्ची मिळवायची होती, ती १८५६ मध्ये मिळाली.

जुलै १८५८ मध्ये फ्रान्सच्या प्लाँबिएर या गावी त्याने फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्याशी गुपचूप सौदा ठरवला. ऑस्ट्रियाला हटवून पीडमाँटने उत्तर इटली घ्यायची, मधल्या भागात एक वेगळे राज्य, रोम आणि भोवतालचा मुलूख पोपकडे, दक्षिण नेपल्सकडे, आणि या चौघांचा पोपच्या अध्यक्षतेखाली एक सैलसर संघ. मोबदल्यात सव्हॉय आणि नीस हे प्रांत फ्रान्सला, शिवाय राजाची १५ वर्षांची मुलगी क्लोतिल्द हिचे लग्न नेपोलियनच्या चुलतभावाशी. हे लग्न जानेवारी १८५९ मध्ये लागलेही. या नकाशात अखंड इटली कुठेच नाही.

सौद्यातली एक अट अवघड होती: युद्ध ऑस्ट्रियाने सुरू केल्यासारखे दिसले पाहिजे. काव्हूरने सैन्य जमवले, शेजारच्या राज्यांतून आलेले सुमारे २० हजार स्वयंसेवक भरती केले आणि वाट पाहिली. एप्रिलमध्ये युरोपातल्या सत्तांच्या दडपणाखाली तो माघार घेणारच होता, तेवढ्यात ऑस्ट्रियाने तीन दिवसांत सैन्य विसर्जित करा असा निर्वाणीचा खलिता धाडला. ऑस्ट्रियाची ही घोडचूक झाली नसती, तर १८५९ चे युद्ध बहुधा टळले असते.

ते २० हजार स्वयंसेवक महत्त्वाचे. राष्ट्रवाद ही शक्ती म्हणून मोजायची तर ती इथे मोजता येते: पीडमाँटच्या राजाच्या झेंड्याखाली एकीकरण मागणाऱ्या, १८५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने गावोगावच्या समित्यांमार्फत हे तरुण धाडले होते आणि युद्ध सुरू होताच टस्कनी, मोडेना, पर्मा, बोलोन्या इथल्या सत्ता याच समित्यांनी हातात घेतल्या.

मग तिसऱ्या नेपोलियनने अर्ध्यातच तह का केला?

२४ जून १८५९ च्या सॉल्फेरिनोच्या लढाईत एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ४० हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पुढे चार किल्ल्यांचा चौकोन तसाच उभा होता, ऱ्हाईन नदीवर प्रशिया सैन्य जमवत होता, आणि मध्य इटलीतले बंड ठरलेल्या नकाशाबाहेर चालले होते. ११ जुलैला व्हिलाफ्रांका इथे त्याने ऑस्ट्रियाशी परस्पर समेट केला. पीडमाँटला फक्त लोम्बार्डी मिळाली. काव्हूरने संतापून राजीनामा दिला, जानेवारी १८६० मध्ये परतला, मार्चमध्ये मध्य इटलीत सार्वमत घेतले आणि सव्हॉय-नीस देऊन नेपोलियनची संमती मिळवली. नीस हे एकीकरणासाठी लढणारा सेनानी गॅरिबाल्डी याचे जन्मगाव. त्याने काव्हूरला हे कधी माफ केले नाही.

(सॉल्फेरिनोच्या लढाईत जखमींचे हाल पाहून आंरी द्युनां याने पुढे रेड क्रॉसची कल्पना मांडली.)

गॅरिबाल्डीच्या हजार माणसांनी नेपल्सचे एवढे मोठे राज्य कसे काय जिंकले?

यादीनुसार १,०८९ माणसे होती. जिनोव्हाजवळच्या क्वार्तो इथून ५ मे १८६० च्या रात्री ‘पिएमोंते’ आणि ‘लोम्बार्दो’ या दोन आगबोटींतून ती निघाली. निघाली तेव्हा त्यांच्याकडे जुनाट बंदुका होत्या, पण दारूगोळा नव्हता. तो आणणाऱ्या होड्यांशी भेटच झाली नाही. वाटेत तालामोने इथे थांबून शेजारच्या ओर्बेतेल्लोच्या किल्लेदाराकडून तो मिळवावा लागला. माणसे बहुतांश उत्तरेकडची, त्यातही बेर्गामोची पुष्कळ: वकील, डॉक्टर, विद्यार्थी, कारागीर. शेतकरी जवळपास नाहीतच. एकच स्त्री होती, रोझालिया मोंमासों.

११ मेला मार्साला इथे उतरताना नशिबाने साथ दिली. बंदरात दोन ब्रिटिश युद्धनौका होत्या आणि किनाऱ्यावर ब्रिटिश व्यापाऱ्यांची दारूची गोदामे. इंग्लंडशी वाकडे नको म्हणून नेपल्सच्या जहाजांनी तोफा डागायला उशीर केला, तोवर माणसे उतरून गेली होती.

पण खरे कारण सिसिलीत होते. तिथे एप्रिलपासून बंड चालूच होते. नेपल्सची सत्ता सिसिलियनांना परकी वाटे, आणि त्यांना हवी होती ती स्वायत्तता. इटली हे तिचे साधन. बेटावर नेपल्सचे सुमारे २५ हजार सैनिक होते, पण ते गावोगावी विखुरलेले, सेनापती कचरणारे, आणि चोविशीतला राजा फ्रान्सिस दुसरा गादीवर येऊन जेमतेम वर्ष झालेले. १५ मेला कालाताफिमी, २७ मेला पालेर्मोत प्रवेश, २० जुलैला मिलाझ्झो. पुढे उत्तरेतून कुमकेच्या तुकड्या येऊन हजाराचे वीसेक हजार झाले. ७ सप्टेंबरला गॅरिबाल्डी चक्क आगगाडीने नेपल्समध्ये आला. त्याला बोलावणाऱ्यांत राजाचाच गृहमंत्री होता. राजा आदल्या दिवशीच गेएताला निघून गेला होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत व्होल्तुर्नो नदीवर गॅरिबाल्डीने मोठा हल्ला परतवला, पण त्याला पुढे सरकता आले नाही. इथे काव्हूरने आपली खेळी केली. गॅरिबाल्डी रोमवर गेला तर फ्रान्स युद्धात उतरेल, आणि न गेला तरी दक्षिणेत प्रजासत्ताक निघेल, या दोन्ही भीतींवर उपाय म्हणून पीडमाँटचे सैन्य पोपच्या मुलखातून खाली आले. २६ ऑक्टोबरला तेआनोजवळ गॅरिबाल्डी राजाला भेटला आणि जिंकलेले सर्व त्याच्या हवाली करून काप्रेरा बेटावर निघून गेला.

शेतकऱ्यांना यातून काय मिळाले?

आश्वासन. सिसिलीत गॅरिबाल्डीने दळणावरचा कर रद्द केला आणि २ जूनच्या हुकुमाने लढणाऱ्यांना गावच्या सामायिक जमिनीतला वाटा देऊ केला. ब्रोंते या गावी लोकांनी तो हुकूम खरा मानला. जमिनीचे जुने भांडण पेटले, ऑगस्टच्या सुरुवातीला जमावाने गावातल्या प्रतिष्ठितांचे खून पाडले. गॅरिबाल्डीचा सरदार निनो बिक्सियो तिथे पोहोचला, झटपट खटला चालवला आणि १० ऑगस्टला पाच जणांना गोळ्या घातल्या. त्यात वकील निकोलो लोम्बार्दो होता, गावातला वेडसर माणूसही होता. सुव्यवस्था आणि जमीनदारांचा पाठिंबा यांच्याशिवाय मोहीम पुढे जाणार नव्हती, आणि निवड करायची वेळ आली तेव्हा ती कोणत्या बाजूने झाली हे ब्रोंतेत दिसले.

सार्वमतात ९९ टक्के ‘हो’ पडले. ते खरे मानायचे का?

आकडे असे: २१ ऑक्टोबर १८६० ला नेपल्सच्या मुख्य भूमीवर १३,०२,०६४ ‘हो’ आणि १०,३१२ ‘नाही’, सिसिलीत ४,३२,०५३ ‘हो’ आणि ६६७ ‘नाही’. २१ वर्षांवरील पुरुषांना मत होते.

मतदान कसे झाले ते पाहा. टेबलावर तीन भांडी. एका बाजूच्या उघड्या भांड्यात छापील ‘हो’ चिठ्ठ्या, दुसऱ्यात ‘नाही’च्या, मध्ये बंद मतपेटी. मतदाराने सर्वांसमोर कोणत्या भांड्यात हात घातला हे अधिकारी, पहारेकरी आणि शेजारपाजारचे बघत. जमीनदार आपली माणसे घेऊन येई. मत गुप्त नव्हतेच.

प्रश्नही एकतर्फी होता: व्हिक्टर इमॅन्युएल हा घटनात्मक राजा असलेली एक आणि अविभाज्य इटली हवी की नको. स्वायत्तता, संघराज्य, प्रजासत्ताक असा पर्याय चिठ्ठीवर नव्हता. तरीही हा निव्वळ बनाव म्हणून सोडून देणेही चूक. राजाने राजाला मुलूख बहाल करायच्या युरोपात ‘लोकांनी होकार दिला’ हा आधार नवा होता, आणि ऑस्ट्रिया-रशियाला तो अमान्य करणे जड गेले. राष्ट्रवादाचा सर्वांत व्यावहारिक उपयोग आमच्या मते हाच झाला: जिंकलेल्या मुलखाला कायदेशीर नाव मिळाले.

मॅझिनी आत्मा, काव्हूर मेंदू, गॅरिबाल्डी तलवार, हे उत्तरात लिहिले तर चालेल ना?

गुण मिळतील, इतिहास हुकेल. हे तिघे एका देहाचे अवयव असल्यासारखे कधी वागले नाहीत. काव्हूरच्या राज्यात मॅझिनीवर मृत्युदंड कायम होता. गॅरिबाल्डीने एप्रिल १८६१ मध्ये भर संसदेत काव्हूरवर भाऊबंदकीचे युद्ध लावल्याचा आरोप केला. काव्हूर जूनमध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी २९ ऑगस्टला रोमकडे निघालेल्या गॅरिबाल्डीवर आस्प्रोमोंते इथे इटलीच्याच सैन्याने गोळी झाडली. ती त्याच्या घोट्यात बसली. एकीकरण त्यांच्या सहकार्यापेक्षा स्पर्धेने जास्त पुढे सरकले. गॅरिबाल्डी पुढे धावला म्हणून काव्हूरला दक्षिणेत उतरावे लागले.

१८६१ नंतर सात राज्यांचा कारभार एक कसा केला?

पीडमाँटचा कारभार सगळीकडे लावून. हे अतिशयोक्त वाटत असेल तर दोन खुणा पाहा: नवा राजा स्वतःला ‘पहिला’ न म्हणवता पीडमाँटचा अनुक्रम चालू ठेवून ‘दुसरा’च राहिला, आणि इटलीच्या पहिल्या संसदेला आठवी संसद म्हटले गेले. घटना १८४८ चीच राहिली.

मिंगेत्ती या मंत्र्याने प्रांतांना काही स्वायत्तता देण्याची योजना आणली होती. दक्षिणेत बंडाळी माजलेली पाहून संसद घाबरली आणि ती बारगळली. त्याऐवजी देशाचे ५९ जिल्हे झाले, प्रत्येकावर राजधानीतून नेमलेला प्रीफेक्ट, गावचा महापौरही सरकारनियुक्त. २० मार्च १८६५ च्या कायद्याने ही चौकट पक्की झाली. त्याच वर्षी एकच दिवाणी संहिता आली.

पैशाची बाजू अशी. जुलै १८६१ मध्ये सर्व राज्यांची कर्जे एकाच खात्यात घातली गेली. यात निम्म्याहून अधिक कर्ज एकट्या पीडमाँटचे, युद्धे आणि रेल्वेसाठी काढलेले. ते फेडायला आता नेपल्स-सिसिलीही आले. पीडमाँटचे हलके जकातदर रातोरात सगळीकडे लागू झाले, आणि भारी जकातीच्या आडोशाने चाललेले नेपल्सचे कारखाने उघडे पडले. ऑगस्ट १८६२ च्या कायद्याने लिरा हे एकमेव चलन ठरले. १ मे १८६६ पासून कागदी नोटेच्या बदल्यात सोने-चांदी देणे सरकारने थांबवले, कारण तिजोरीत खडखडाट होता.

सैन्य ही राष्ट्राची शाळा ठरावी म्हणून एका रेजिमेंटमध्ये किमान दोन वेगवेगळ्या भागांतले जवान घेऊन तिला तिसऱ्या भागात ठेवायचे, असे धोरण होते. हेतू एकत्र मिसळण्याचा आणि दुसरा न बोललेला: गोळीबाराची वेळ आली तर समोर आपल्याच गावचे लोक नसावेत.

मतदार किती? २५ वर्षांवरील, साक्षर, वर्षाला ४० लिरा थेट कर भरणारे पुरुष, म्हणजे सुमारे २ कोटी २० लाखांतले ४ लाख १८ हजार, जेमतेम २ टक्के. सार्वमतात ज्यांचा ‘हो’ मोजला, त्यातल्या बहुतेकांना संसद निवडायचा अधिकार नव्हता. १८८२ च्या सुधारणेनंतर हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास गेले.

दक्षिणेत बंड कशामुळे झाले? ते नुसते दरोडेखोर होते का?

सरकार त्यांना दरोडेखोर म्हणे, आणि काही होतेही. पण कार्मिने क्रोक्कोसारख्यांच्या टोळ्यांत नेपल्सच्या विसर्जित फौजेतले बेकार सैनिक, भरती चुकवणारे तरुण आणि जमीन न मिळालेले शेतमजूर एकत्र आले होते. पदच्युत राजा रोममधून पैसा पुरवत होता. सिसिलीत तर सक्तीची सैन्यभरती हा प्रकारच नवा होता. पेरणी-कापणीच्या वयाचा मुलगा वर्षानुवर्षे घराबाहेर, हे शेतकऱ्याला करापेक्षा जड.

१४ ऑगस्ट १८६१ ला पोंतेलांदोल्फो आणि कासालदूनी ही गावे, सैनिकांच्या हत्येचा सूड म्हणून, सैन्याने जाळली. ऑगस्ट १८६३ मध्ये पिका कायद्याने लष्करी न्यायालये आली. ऐन भरात लाखभर सैनिक, म्हणजे जवळपास निम्मी फौज, दक्षिणेत गुंतली होती.

त्यात दळणावरचा कर परत आला, आणि या वेळी देशभर. १ जानेवारी १८६९ पासून गव्हाच्या क्विंटलमागे २ लिरा. वसुलीची तऱ्हा अशी: जात्याच्या आसाला फेरे मोजणारे यंत्र बसवायचे आणि फेऱ्यांवरून गिरणीवाल्याकडून कर घ्यायचा. पण जात्याचा दगड नवा की झिजलेला, धान्य कोरडे की ओलसर, पाण्याला जोर किती, यावर एका क्विंटलला लागणारे फेरे बदलतात. यंत्राला यातले काही कळत नव्हते. गिरणीवाले गिरण्या बंद ठेवू लागले, भाकरी महागली, आणि जानेवारीतल्या दंगलींत अडीचशेच्या आसपास माणसे मेली. त्या दंगलींचा जोर दक्षिणेत नव्हता, एमिलियासारख्या उत्तरेकडच्या भागात होता. ही बाब सहसा सांगितली जात नाही. कर १८८४ मध्ये पूर्ण उठला.

जर्मनीचे एकीकरण याहून वेगळे कसे?

तिथे प्रशियाने इतर राज्ये पुसली नाहीत, बहुतेक तशीच ठेवून वर साम्राज्य बांधले. १८७१ च्या साम्राज्यात २५ घटक राज्ये होती. बव्हेरियाला स्वतःचे टपाल, रेल्वे आणि शांतताकाळात सैन्यावरचा ताबा राखता आला. राज्यांच्या सभेत ५८ पैकी १७ मते प्रशियाची, आणि घटनादुरुस्ती रोखायला १४ पुरत. म्हणजे संघराज्य खरे, पण किल्ली बर्लिनकडे.

जकात संघाविषयी एक सावधगिरी. १८३४ च्या झोलफेराइनमुळे राजकीय एकीकरण आपोआप झाले असे लिहू नका. १८६६ च्या युद्धात त्याच संघातली सॅक्सनी, हॅनोव्हर, बव्हेरिया आणि व्युर्टेम्बर्ग ही राज्ये प्रशियाविरुद्ध, ऑस्ट्रियाच्या बाजूने लढली. आणि १८७० मध्ये बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने प्रशियाच्या राजाला सम्राटपद घ्यावे म्हणून जे पत्र पाठवले, त्याचा मसुदा प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याचा होता. लुडविगला गुपचूप पैसे मिळाले ते हॅनोव्हरच्या जप्त खजिन्यातून.

रोमचे काय झाले?

रोमला फ्रेंच शिबंदी होती. फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटताच ती ऑगस्ट १८७० मध्ये निघून गेली, आणि २० सप्टेंबरला पोर्ता पियाजवळच्या तटाला भगदाड पाडून इटलीचे सैन्य आत शिरले. पोपने स्वतःला व्हॅटिकनमधला कैदी म्हणवून घेतले आणि कॅथलिकांना संसदीय निवडणुकांपासून दूर राहायला सांगितले. नव्या राष्ट्राशी धर्मनिष्ठ प्रजेचे हे वाकडे फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत मिटले नाही.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो थेट आहे. सावरकरांनी मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. नाशिकच्या ‘अभिनव भारत’पुढे ‘तरुण इटली’चा नमुना होता. दोनच वर्षांनी ‘हिंद स्वराज’मध्ये गांधीजींनी एक अख्खे प्रकरण इटलीला दिले आणि उलटा निष्कर्ष काढला: ऑस्ट्रिया गेला, राजा आला, पण मॅझिनीला अभिप्रेत असलेले राज्य सामान्य इटालियनाला मिळाले नाही. सावरकर पाहत होते १८३१ ची संघटना, गांधी पाहत होते १८६१ नंतरचा शेतकरी. दोघांचेही वाचन इतिहासाला धरून आहे.

एकीकरणाचे वर्ष शेवटी कोणते लिहायचे?

प्रश्न नीट वाचा. इटलीचे राज्य घोषित झाले १७ मार्च १८६१ ला. व्हेनेशिया आले १८६६ मध्ये, तेही गमतीने: इटली जमिनीवर कुस्तोझा इथे आणि समुद्रात लिस्सा इथे हरली, पण दोस्त प्रशिया जिंकली म्हणून ऑस्ट्रियाने प्रांत फ्रान्सला दिला आणि फ्रान्सने इटलीला. रोम १८७० मध्ये घेतले आणि पुढच्या वर्षी राजधानी तुरीन, फ्लॉरेन्स असा प्रवास करून तिथे पोहोचली. ‘एकीकरण पूर्ण झाले’ असे विचारले असेल तर १८७० लिहा. त्रेंतो आणि त्रिएस्ते मात्र पहिल्या महायुद्धानंतरच मिळाले. इटलीतले पुष्कळ लोक एकीकरण तिथपर्यंत मोजतात.